बारावा चौकोन

परवा दुपारी जेवण आटोपून मी लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर बाण नव्हता.

बाण म्हणजे कर्सर. माऊस हलवला की पडद्यावर इकडून तिकडे पळतो तो. बाकी सगळं जागच्या जागी होतं. मागचं निळं आकाश, कोपऱ्यातलं घड्याळ, फायलींच्या चार ओळी. बाण तेवढा नव्हता. मी माऊस हलवला, उलटा करून पाहिला. त्याच्या पोटातला लाल दिवा लागलेला होता. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. चष्मा पुसला. मग वाचायचा काढून लांबचा लावला. माझ्या वयाला एखादी वस्तू दिसेनाशी झाली की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, वस्तूवर नंतर.

आणि परवाच्या दिवशी तो संशय मला परवडणारा नव्हता.

त्याचं असं झालं. महिनाभरापूर्वी स्वयंपाकघरातला नळ उघडा टाकून मी फिरायला गेलो. पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतातून त्यांच्या सोफ्यावर गळलं. माझी लेक गाडीने दीड तासावर राहते. ती आली, खाली जाऊन माफी मागून आली, फरशी पुसली, मला एका शब्दाने बोलली नाही. जाताना लॅपटॉपवर एक यादी करून ठेवून गेली. गोळ्या घेतल्या, गॅस बंद केला, नळ बंद केले, दाराला कडी लावली, अशा एकोणीस ओळी. प्रत्येकीपुढे खूण करायला एक चौकट.

"एक महिना, बाबा," ती म्हणाली. "रोज पाचला मी व्हिडिओवर येईन. तुमचा पडदा मला तिथे दिसेल. माझ्यासमोर खुणा करायच्या. महिना नीट गेला तर राहा इथे एकटे, मी तोंड उघडणार नाही. नाहीतर मुकाट्याने माझ्याकडे यायचं."

"बापाची परीक्षा घेतेस?"

"तुम्ही चौतीस वर्षं लोकांची घेतलीत की."

मी तर्कशास्त्र शिकवायचो. परवा तिसावा दिवस होता. एकोणतीस दिवस मी एकही ओळ चुकवली नव्हती. आता पाच वाजता तिला काय सांगणार? बाण हरवला म्हणून? ती म्हणणार, बाबा, तो तिथेच असेल, तुम्हाला दिसत नाहीये. आणि ते खरं असलं तर?

म्हणून मी ओळखीच्या लॅपटॉप-दुरुस्तीवाल्या बाईंना फोन केला.

सव्वातीनला त्या आल्या. वय पन्नाशीचं, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, तोंडात लवंग.

"बाण हरवलाय," मी म्हणालो. बोलून गेल्यावर मलाच ते कसंतरी वाटलं.

"जातोय कुठे काका! पडद्याबाहेर थोडाच उडी मारणार? चष्म्यासारखं असतं ते. असतो कपाळावर आणि आपण घर उलटंपालटं करतो."

लॅपटॉप मागच्या खोलीत असतो. खिडकीपाशी टेबल, एक खुर्ची, कागदांचे गठ्ठे. खोलीच्या मधोमध फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग आहेत. पलंग मी देऊन टाकला, डाग घासून निघाले नाहीत. बाई त्या डागांना वळसा घालून टेबलापाशी गेल्या. नवीन माणूस त्यांना वळसा घालतो हे मी पूर्वीही पाहिलं आहे. त्याचा अर्थ मी लावलेला नाही.

"हा नारिंगी दिवा कधीपासून लागलाय?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं कोणता. बटणांच्या वरच्या ओळीत, मुंगीच्या डोक्याएवढा.

"दोन वर्षं."

"टचपॅड बंद करून ठेवलंय म्हणून लागतो तो. तुम्हीच बंद केलंत?"

मी म्हणालो, "चहा घेणार ना?" आणि स्वयंपाकघरात गेलो.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. टाळून पाहिलं, पण त्यावाचून पुढचं कळणार नाही.

शेवटचे सात महिने माझ्या बायकोची वाचा गेली होती. अर्धांगवायूनंतर उजव्या हाताचं एक बोट तेवढं तिच्या ताब्यात उरलं. तिच्यासाठी मी लॅपटॉपवर बारा चौकोनांचा एक तक्ता केला. पलंगावर आडवं टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि तिचं बोट त्या टचपॅडवर. त्याला आम्ही पाटी म्हणायचो. बोट पाटीवर सरकवलं की पडद्यावर बाण सरके, आणि ज्या चौकोनावर तो थांबे तो शब्द मी मोठ्याने वाचायचा. पहिला चौकोन 'अहो'. लग्नापासून तिने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. मग पाणी, कूस, दुखतंय, गार, उकडतंय, उजेड, खिडकी, हो, नाही, नंतर. हे अकरा झाले. बाराव्यात काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून तिलाच विचारलं. बाण हळूहळू सरकत गेला आणि 'नंतर'वर जाऊन थांबला.

लेक केवढ्यांदा हसली होती! "आई, अशी पडल्यापडल्यासुद्धा बाबांना टोलवतेस!"

बारावा चौकोन कोराच राहिला.

घरात लॅपटॉप एकच. दुपारी दोन ते चार तो माझ्याकडे असायचा, कारण माझ्या पुस्तकाची सूची करायची होती. पुस्तक पुराव्याविषयी होतं. पुरावा कशाला म्हणावं, कशाला म्हणू नये. मी तिच्या उशापाशीच बसून काम करायचो. माझं मनगट पाटीला लागायचं आणि बाण भलतीकडेच उडायचा, म्हणून बटण दाबून पाटी बंद करायचो आणि माऊस वापरायचो. चार वाजले की पुन्हा बटण दाबून पाटी चालू करायची, तक्ता उघडायचा, लॅपटॉप तिच्यापुढे सरकवायचा. रोजचा क्रम.

त्या दिवशीही चार वाजता सरकवला. सूचीचे छापलेले कागद घेऊन शेजारी बसलो. मधूनमधून पडद्याकडे पाहत होतो. बाण एका जागी उभा होता. मनात म्हटलं, बरं आहे, आज तिला काही नको आहे. आवाज तेवढा येत होता. खस्स... खस्स... कोरडं बोट गुळगुळीत पृष्ठभागावर घासल्यासारखा. तिच्या बोटाला झटके येतात, त्याकडे लक्ष देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी लक्ष दिलं नाही. सव्वापाचला आवाज थांबला, तेव्हा मी मान वर केली.

नारिंगी दिवा मला दुसऱ्या दिवशी दिसला. चार वाजता बटण दाबायचं मी विसरलो होतो का? की दाबलं होतं, आणि नंतरच्या धावपळीत कोणाचा तरी हात लागून पाटी पुन्हा बंद झाली? मी दोन्ही बाजूंनी कितीतरी वेळा विचार केला. कुठलीच बाजू सिद्ध होत नाही. लेकीला सांगितलं, झोपेत गेली, काही मागितलं नाही. त्यानंतर मी त्या बटणाला हात लावला नाही. माऊसवर काम करत राहिलो आणि दिवा जळत राहिला.

चहा घेऊन आलो तेव्हा बाईंनी लॅपटॉप पोटातून उघडला होता.

"काका, हे बघा. आतली बॅटरी फुगलीय. तिने टचपॅड खालून ढकललं, त्यात ही पट्टी बघा, निसटलीय. ह्याचा जीव केव्हाच गेला. तुम्ही बटण दाबा की नका दाबू, काय फरक पडणार होता?"

"केव्हाच म्हणजे कधी?"

"ते कसं सांगू? बरेच महिने."

"दोन वर्षं... असू शकतील?"

"असतील की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, बसा बघू तुम्ही आधी."

मी बसलो. पट्टी निसटली होती! मी विसरलो नसेन. बटण वेळेवर दाबलंही असेल, पाटीच मेलेली असेल. हा पुरावा नव्हे हे मला कळत होतं. 'असू शकेल' आणि 'होतं' यातला फरक मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिला. पण त्या क्षणी मला त्या बाईंचे हात धरावेसे वाटले.

त्यांनी फुगलेली बॅटरी काढली, आपल्या पिशवीत टाकली. लॅपटॉप आता तारेवरच चालवा म्हणाल्या. पाटी काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. तळहाताएवढा काळा तुकडा, खाली लोंबणारी पट्टी. जिथे ती होती तिथल्या भोकावर चिकटपट्टी लावली. माऊसची वायर दुसऱ्या बाजूला खुपसली, आणि पडद्याच्या मध्यावर बाण उभा राहिला.

"आला पळपुटा. उद्या नवीन टचपॅड आणून बसवते." निघताना दारात त्या थबकल्या. "गुडघ्यांना निलगिरीचं तेल लावता का हो?"

"नाही."

"मग वास कसला येतोय आत?"

मला काही वास आला नव्हता. म्हणजे, त्या बोलेपर्यंत आला नव्हता. बायकोच्या पाठीला मी ते तेल लावायचो. बाटली दोन वर्षांपूर्वीच फेकली होती.

थंडीचे दिवस. पाचच्या आतच खोलीत अंधारून आलं. मी टेबलावरचा दिवा लावला. बरोबर पाचला लेकीचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात उमटला.

"हं बाबा, शेवटचा पेपर."

मी एकेक खूण करत गेलो. बाण अगदी शहाण्यासारखा वागत होता. एकोणिसावी खूण झाली.

"पास!" ती म्हणाली. हसली, पण डोळे भरले होते. "जा, राहा आता. मी हरले."

"तुझ्या आईवर गेलीस. हरल्यावरसुद्धा उपकार केल्यासारखं बोलतेस."

मी माऊस सोडला आणि पेला उचलला. चहाचा एक घोट घेतला.

"आता कुठे निघालात?" लेक म्हणाली. "झालं ना सगळं भरून?"

मी पडद्याकडे पाहिलं. बाण चालला होता. एक बोटभर पुढे... थांबला... पुन्हा एक बोटभर पुढे. दमलेलं माणूस जिन्याच्या पायऱ्या चढतं तसा. माझा एक हात पेल्यावर होता आणि दुसरा मांडीवर.

मी हलवत नाहीये, हे शब्द ओठांवर आले आणि मी ते गिळले. एकोणतीस दिवस, तीस दिवस, सगळं एका वाक्याने पाण्यात गेलं असतं. मी पेला खाली ठेवला, माऊसवर हात ठेवला आणि माझ्याच हाताने बाण चालला आहे असं भासवत त्याच्या मागोमाग हात नेऊ लागलो.

"काही नाही गं... एक जुनी फाईल बघतोय."

बाण फायलींच्या चौथ्या ओळीत गेला. तक्ता उघडला.

लेक हळूच म्हणाली, "ठेवलात अजून?"

"राहिलाय."

बाण पहिल्या चौकोनावर जाऊन थांबला. अहो.

जरा बाजूला सरकला, परत आला. अहो.

"बाबा, नका ना. मला बघवत नाही."

अहो.

माझा हात माऊसवर घट्ट दाबलेला होता. तो हलत नव्हता. हलत असता तर मला कळलं असतं... असं मला वाटतं. निलगिरीचा वास आता इतका दाट होता की डोळे चुरचुरायला लागले. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून, दिव्याच्या उजेडाच्या पलीकडून, तो आवाज आला.

खस्स... खस्स...

वर्तमानपत्रावर पाटी होती तशीच पडलेली होती.

"तो आवाज कसला येतोय?" लेकीने विचारलं.

"तुला... ऐकू येतोय?"

"कोणीतरी काहीतरी घासतंय. बाबा, घरात कोण आहे?"

हे कसं सांगू मी? त्या क्षणी मला भीतीच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. तिलाही ऐकू येतंय, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. मग दुसऱ्या श्वासाला कळलं, की डोकं ठिकाणावर असेल तर मग हे काय आहे... मी माऊस सोडून दिला. दोन्ही हात वर केले, लेकीला दिसतील असे.

बाण चालतच होता.

मी लेकीशी बोललो नाही. मी खोलीशी बोललो.

"अगं... पट्टी निसटली होती. त्या बाईंनी दाखवली मला. पाटीच बिघडली होती ना? मी बटण दाबलं होतं चार वाजता... दाबलं होतं ना?"

आवाज थांबला. बाण तक्त्याच्या मधोमध उभा राहिला. तिचं असंच असायचं. उत्तर देण्याआधी ती विश्रांती घ्यायची.

मग खस्स... खस्स... आणि बाण 'नाही'वर गेला.

"काय सांगायचं होतं तुला?" माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना. "पाणी हवं होतं? दुखत होतं?"

तो 'नाही'वरून हलला नाही.

"मग... काय?"

बाण निघाला. उजवीकडे, शेवटच्या ओळीच्या टोकाला. बाराव्या चौकोनात जाऊन थांबला. कोऱ्या, पांढऱ्या चौकोनात. पडद्यावरचं घड्याळ पाच वाजून पंधरा मिनिटं दाखवत होतं.

मी पाहत राहिलो. तिथे काही नव्हतं.

"बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज लहानपणी तापात यायचा तसा आला. "हे... हे तुम्ही कधी लिहिलंत?"

"काय?"

"त्या शेवटच्या चौकोनात."

"तो कोरा आहे, बाळ."

ती पडद्याजवळ सरकली. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले, खाली आले, पुन्हा डावीकडून उजवीकडे गेले. एक शब्द वाचणाऱ्या माणसाचे डोळे असे फिरत नाहीत. मी आयुष्यभर वर्गात वाचणाऱ्यांचे डोळे पाहिले आहेत. ती तीन-चार ओळी वाचत होती.

"काय लिहिलंय? वाच ना मोठ्याने."

ती माझ्याकडे पाहत होती, पण पूर्वीसारखी नाही. "त्या दिवशी चार ते सव्वापाच तुम्ही आईच्या शेजारीच होतात?"

हे मी तिला कधीही सांगितलेलं नव्हतं. कोणालाच नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "शेजारीच होतो. सूची तपासत होतो. पाटी चालू करायला विसरलो. तिचं बोट... मला ऐकू येत होतं. मी वर पाहिलं नाही." दोन वर्षं न सापडलेलं उत्तर माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं. विसरलो होतो. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

तिने गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाली, "मी येतेय. तोवर त्या खोलीत थांबू नका. आणि तिला काही विचारू नका."

सातच्या सुमारास ती आली. मी स्वयंपाकघरात बसून होतो. ती सरळ मागच्या खोलीत गेली. मी दारापर्यंत गेलो. पडद्यावर तक्ता तसाच होता, बाण बाराव्या चौकोनात. मला वाटलं होतं, ती ओरडेल माझ्यावर. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा. कोरा आहे." माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "मला भास झाला असेल. दोघांनाही झाला."

"मग मला इथे राहायला..."

"नाही. उद्या सकाळी निघायचं. कपडे तेवढे घ्या."

"पास झालो म्हणालीस ना?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

महिनाभर ती म्हणत होती, एकटे राहू नका. परवा संध्याकाळपासून ती म्हणते आहे, इथे राहू नका. हा बदल तिच्या लक्षात आला आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या आला आहे.

काल दिवसभर तिने सामान बांधलं. निघणं आजवर गेलं. दुरुस्तीवाल्या बाई नवीन टचपॅड घेऊन आल्या, त्यांना तिने दारातूनच परत पाठवलं. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून कुठेतरी नेऊन टाकली. कुठे ते सांगत नाही. गाडी खाली उभी आहे, आणि हे मी तिच्या हाका येईपर्यंत घाईने लिहितो आहे, कारण नंतर मलाच ते खरं वाटणार नाही.

एवढं एकच कोणीतरी मला समजावून द्या. परवा रात्री जेवायच्या आधी ती लॅपटॉप बंद करत होती. मी तिच्या मागेच उभा होतो, आणि माझ्याकडून तो चौकोन कोराच दिसत होता. अगदी कोरा. तीही तेच म्हणत होती. मग पडदा मिटेपर्यंत तिने त्या एका चौकोनावर आपला तळवा का दाबून धरला होता? मला दिसू नये म्हणून?

आणि पडदा पुरता मिटताना तिने तो हात असा झटकन मागे का घेतला, जसा आतून कोणाचं तरी बोट लागल्यावर घेतात?